सुरुंग कुणासाठी, चिलखत कुणासाठी?

1 मे 2019 रोजी महाराष्ट्र आपला स्थापना दिन साजरा करीत असताना गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात, जांभूळखेड्याजवळ सुरुंगाचा स्फोट झाला. शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस आणि त्यांची गाडी चालविणारा एक खाजगी चालक ठार झाला. आदल्या रात्री दादापूर येथे रस्त्याच्या कंत्राटदाराची दोन डझनांहून अधिक वाहने नक्षलवाद्यांनी जाळली होती. तिकडे निघालेले हे जवान खाजगी वाहनात बसून गेले. त्या दिवशी सगळ्या वृत्तवाहिन्यांनी 'पंधरा जवान आणि एक चालक' असे सांगितले. हा 'आणि' पुढे आलेल्या प्रत्येक बातमीत तसाच राहिला.

तेव्हा लोकांनी एकच प्रश्न विचारला. सरकारकडे सुरुंगरोधक गाड्या आहेत, कोट्यवधी रुपये खर्च करून त्या घेतल्या आहेत, मग ही पोरे भाड्याच्या गाडीत का? प्रश्न अगदी रास्त होता. परंतु त्याचे उत्तर शोधायला गेले की असे दिसते की ही गाडी केवळ पोलाद आणि इंजिन यांची बाब नाही. ती कुणी बनविली, कुणासाठी बनविली, तिच्या आत कोण बसले आणि बाहेर कोण राहिले, हा सारा इतिहास तपासल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने तर तो तपासलाच पाहिजे. कारण चिलखताच्या आत बसण्याचा मान आपल्या वाट्याला क्वचितच आला आणि चिलखती गाडीसमोर उभे राहण्याची पाळी मात्र अनेकदा आली.

आधी गाडी समजून घेऊ. साध्या जीपचा किंवा ट्रकचा तळ सपाट असतो. खाली सुरुंग फुटला की स्फोटाचा सारा जोर त्या सपाट तळावर आदळतो, गाडी फाटते आणि आतली माणसे मरतात. सुरुंगरोधक गाडीचा तळ नावेच्या तळासारखा, खाली निमुळता असतो. त्यामुळे स्फोटाचा लोट दोन्ही अंगांनी बाहेर फेकला जातो. तळ जमिनीपासून उंच असतो, म्हणजे जोर वर पोहोचेपर्यंत थोडा ओसरतो. चाक, आस, गिअर हे भाग उडाले तरी चालतील अशा बेताने जोडलेले असतात; उडालेले चाक बदलता येते, माणूस बदलता येत नाही. आत बसणाऱ्याने पट्टा बांधून बसायचे असते, नाही तर गाडी शाबूत राहते आणि माणसाची मान छताला आपटून मोडते. रचना साधी आहे. आपल्याकडे नदीकाठच्या कोळ्याला ती चटकन कळेल.

या रचनेचा जन्म मात्र गोऱ्यांच्या राज्यात झाला. 1970 च्या दशकात रोडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेमध्ये, मूठभर गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध कृष्णवर्णीयांचा सशस्त्र लढा चालू होता. शेतरस्त्यांवर सुरुंग पेरले जात. गोरा मळेवाला आणि गोरा सैनिक वाचावा म्हणून तिथे निमुळत्या तळाच्या गाड्या तयार झाल्या. त्याच कच्च्या रस्त्यांवरून साध्या बसने प्रवास करणाऱ्या काळ्या माणसासाठी कुणी असा तळ बनविला नाही. सुरुंगाला रंग कळत नाही, चिलखत वाटणाऱ्याला तो बरोबर कळतो!

पुढे हे शास्त्र दक्षिण आफ्रिकेने पूर्णत्वास नेले. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत, सीएसआयआरमध्ये, व्हर्नन जॉइंट या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1970 च्या दशकाच्या अखेरीस 'कास्पिर' ही गाडी घडली. तिचे नाव काही एखाद्या प्राण्याचे किंवा वीराचे नाही. संशोधन संस्थेची आद्याक्षरे आणि दक्षिण आफ्रिकी पोलिसांची आद्याक्षरे उलटसुलट करून ते तयार केले आहे. प्रयोगशाळा आणि पोलीस यांची गाठ नावातच बांधलेली आहे. चाकाखाली 21 किलो आणि पोटाखाली 14 किलो स्फोटकांचा मार सोसावा असा तिचा हिशेब होता. गाडी चांगली होती यात शंका नाही. प्रश्न ती कशासाठी वापरली याचा आहे.

ती पहिल्यांदा वापरली गेली नामिबियात. तेव्हा तो देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. तिथे 1979 मध्ये 'कूफूट' नावाचे पोलीस दल उभारण्यात आले. अधिकारी गोरे आणि शिपाई बहुतेक स्थानिक ओवाम्बो जमातीचे काळे तरुण. माग काढणारा काळा शिपाई पायी धावायचा, मागून कास्पिर यायची. मारलेल्या माणसामागे रोख बक्षीस मिळायचे. मेलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची प्रेते कास्पिरच्या अंगाला बांधून गावोगाव फिरविली जात, हे पुढे दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगासमोरही आले. ओवाम्बोच्या मुलाने ओवाम्बोच्याच मुलाला मारायचे आणि त्याचे प्रेत गोऱ्याच्या गाडीवर बांधायचे. शोषितांच्या हाताने शोषितांना संपविण्याची ही रीत भारतातल्या बहुजनांना नवीन वाटणार नाही.

आणि मग ती गाडी घरी आली. हे घडणारच होते. जी गाडी सरहद्दीवरच्या सुरुंगासाठी बनविली ती 1980 च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये, टाउनशिपमध्ये फिरू लागली. तिथे सुरुंग नव्हते. दगड होते, पेटलेले टायर होते, शाळेवर बहिष्कार टाकलेली मुले होती. वस्तीतले लोक या सगळ्याच चिलखती गाड्यांना 'हिप्पो' म्हणत. हिप्पो हे कास्पिरच्या आधीच्या एका गाडीचे नाव. सुरुंगापासून वाचण्यासाठी केलेली उंची आता वेगळ्याच कामी आली. उंचावर बसलेल्या पोलिसाला साऱ्या वस्तीच्या डोक्यावरून नेम धरता येऊ लागला.

21 मार्च 1985 हा दिवस आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा. शार्पव्हिलच्या गोळीबारात 1960 मध्ये 69 माणसे मारली गेली, त्याला त्या दिवशी 25 वर्षे होत होती. युटेनहेग शहराजवळच्या लांगा वस्तीतून लोक अंत्यविधीसाठी चालत निघाले होते. पोलिसांनी चिलखती गाड्या रस्त्यात आडव्या घातल्या आणि गोळीबार केला. सरकारने नेमलेल्या कॅनमेयर आयोगानुसार 20 माणसे मेली. बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. जमाव सशस्त्र होता, हल्ला करीत होता असे पोलिसांनी सांगितले. आयोगाने ते मान्य केले नाही. त्या पोलिसांजवळ अश्रुधूर नव्हता, रबरी गोळ्याही नव्हत्या, प्राणघातक काडतुसे तेवढी दिली होती, हेही बाहेर आले.

हे वाचताना घाटकोपरची रमाबाई नगर वस्ती आठवली नाही असा आपला वाचक नसेल. 11 जुलै 1997. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, रस्त्यावर आलेले लोक, राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबार, 10 बळी. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता अशी कहाणी तेव्हा रचण्यात आली. गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असेच म्हटले. युटेनहेग आणि घाटकोपर यांच्यात समुद्र आहे, बारा वर्षांचे अंतर आहे, पण पोलिसांचा जबाब जणू एकाच कारकुनाने लिहिलेला. रमाबाई नगरात कास्पिर नव्हती. तिची गरजही पडली नाही. निःशस्त्र माणसाला मारायला चिलखत कशाला लागते? मग लांगाच्या रस्त्यावर ते कशाला होते, हा प्रश्न उरतोच.

वर्णद्वेष 1994 मध्ये गेला. कास्पिर मात्र भंगारात गेली नाही, आणि इथे तिच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मोझांबिक, अंगोला या देशांत युद्धानंतर लाखो सुरुंग जमिनीत उरले होते. ते शोधून काढण्याच्या कामी हीच गाडी वापरली गेली. शेतात जाणाऱ्या बाईचा पाय वाचविण्यासाठी तीच नाव, तोच तळ. म्हणजे पोलादात पाप नसते, ते हुकूम देणाऱ्यात असते. पण राजवट बदलली म्हणून हुकूम देणाऱ्याची सवय बदलतेच असेही नाही. 16 ऑगस्ट 2012 रोजी मारिकाना येथे पगारवाढ मागणाऱ्या प्लॅटिनम खाणीतील कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 34 कामगार मेले. या वेळी सरकार मंडेलांच्या पक्षाचे होते, गोळ्या झाडणाऱ्यांतही काळे शिपाई होते. 'नियाला' नावाच्या चिलखती गाड्यांनी आणि काटेरी तारांनी कामगारांची वाट अडविली होती. सत्तेतला चेहरा आपला झाला की काम झाले असे मानणाऱ्या आपल्यातल्या पुढाऱ्यांनी मारिकानाचा अहवाल जरूर वाचावा.

अमेरिकेची कथा आणखी वेगळी. 2003 मध्ये ती इराकमध्ये घुसली तेव्हा सैनिक पातळ पत्र्याच्या हम्वी गाड्यांतून फिरत होते आणि रस्त्याकडेच्या बॉम्बने मरत होते. डिसेंबर 2004 मध्ये कुवेतमध्ये एका साध्या सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना भर सभेत विचारले की आम्हाला भंगाराच्या ढिगातून पत्रे उकरून गाड्यांना का ठोकावे लागतात? मंत्र्याचे उत्तर असे होते की लढाईला आहे त्या सैन्यानिशी जावे लागते. फेब्रुवारी 2005 मध्ये मरीन दलाने 1169 सुरुंगरोधक गाड्यांची तातडीची मागणी पाठविली. ती कागदांत अडकली. मे 2007 मध्ये नवे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी या गाड्यांना सर्वोच्च प्राधान्य दिल्यावर कुठे कारखाने हलले. पुढे 27 हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि 45 अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. मधल्या दोन वर्षांत जे मेले ते बहुतेक गरीब घरांतून शिक्षणाच्या पैशासाठी, नोकरीसाठी भरती झालेले तरुण होते. फाईल दाबून ठेवणाऱ्यांच्या घरी कुणी मेल्याचे ऐकिवात नाही.

युद्ध आटोपले आणि हजारो गाड्या उरल्या. त्यांचे करायचे काय? लष्कराचे जादा सामान पोलिसांना देण्याची योजना तिथे 1990 च्या दशकापासून होतीच. 2013 पासून या अवाढव्य गाड्या छोट्या छोट्या गावांच्या पोलिसांना वाटण्यात आल्या. ओहायो राज्याच्या विद्यापीठाच्या पोलिसांनी एक घेतली. लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या शाळा मंडळांच्या पोलिसांनीही घेतल्या आणि लोकांनी ओरडा केल्यावर परत केल्या. शाळेच्या दारात सुरुंग कोण पेरणार होते? 2014 च्या ऑगस्टमध्ये फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन या निःशस्त्र काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. निषेधाला रस्त्यावर उतरलेल्या काळ्या लोकांसमोर चिलखती गाड्या आणि त्यांवर बंदुका रोखून बसलेले पोलीस साऱ्या जगाने पाहिले. ओबामांनी 2015 मध्ये या सामानाच्या वाटपावर काही बंधने घातली, ट्रम्प यांनी 2017 मध्ये ती उठविली. परदेशात जे यंत्र सैनिकाचा जीव वाचवीत होते ते मायदेशी आल्यावर कुणाच्या वस्तीकडे वळले, हे त्या देशातल्या काळ्या माणसाला विचारा.

आता आपल्या देशाकडे येऊ. वर्णद्वेषामुळे दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश. तो निर्णय 1946 चा. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती सारखी असल्याचे कळविले होते आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. पुढे वर्णद्वेष संपल्यावर त्याच आफ्रिकेची कास्पिर आपल्या लष्करात आली, काश्मीरमध्ये फिरली. मेडकच्या आयुधनिर्माणीत सुरुंगरोधक गाड्या बनू लागल्या. 2021 मध्ये पुण्याच्या भारत फोर्जला लष्कराने सुमारे 178 कोटींची मागणी दिली. त्या 'कल्याणी एम-4' गाडीची मूळ रचनाही दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीचीच. ज्ञान कुठूनही घ्यावे, त्याबद्दल आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो गाडी विकत घेतली की जबाबदारी संपली असे मानण्याला. सप्टेंबर 2005 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात सुरुंगरोधक गाडीच उडविली गेली आणि 20 हून अधिक जवान मेले. 16 जुलै 2008 रोजी ओडिशातील मलकानगिरीत अशाच गाडीत 17 पोलीस मेले. 13 मार्च 2018 रोजी सुकमा जिल्ह्यातील किस्टारामजवळ याच प्रकारच्या गाडीत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 9 जवान गेले. कारण उघड आहे. गाडीचा हिशेब 14 आणि 21 किलोंचा, आणि डांबरी रस्त्याखाली आधीच पुरून ठेवलेली स्फोटके त्याच्या कितीतरी पट. अशा स्फोटात गाडी फाटली नाही तरी चेंडूसारखी उडते आणि आतला माणूस हादऱ्याने मरतो. म्हणून केंद्रीय दलाच्या वरिष्ठांनीच पुढे या गाड्यांवर भिस्त ठेवू नका, पायी चाला असे सांगितले. जवान पायी जंगलातून चालतो, मागून दमलेला परततो, आणि थकून कुठल्यातरी भाड्याच्या गाडीत चढतो. नेमके तिथे सुरुंग असतो. 26 एप्रिल 2023 रोजी दंतेवाड्यात अरनपूरजवळ 10 जवान आणि चालक; 6 जानेवारी 2025 रोजी बिजापुरात कुटरूजवळ 8 जवान आणि चालक. पुन्हा तोच 'आणि'.

या शेवटच्या दोन घटनांत मेलेले जवान 'डीआरजी' म्हणजे जिल्हा राखीव दलाचे होते. हे दल बस्तरच्या स्थानिक आदिवासी तरुणांचे. त्यातले अनेक जण शरण आलेले माजी नक्षलवादी. कूफूटची आठवण उगाच काढली नाही. सलवा जुडूमच्या काळात दरमहा 3000 रुपयांच्या मानधनावर, अपुऱ्या शिक्षणाच्या आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 रोजी ते घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर नाव बदलले, पगार वाढला, गणवेश आला. पण जंगलात सर्वांत पुढे चालणारा आजही आदिवासीच आहे, आणि सुरुंग पेरायला लावलेला पोरगाही बहुतेक वेळा आदिवासीच असतो. आदेश देणारे दोन्हीकडचे नेते कोणत्या जातींतून आले, याची यादी वाचकांनी स्वतः करावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या लिखाणाचा सोयीचा अर्थ काढणारे टपून बसलेले असतात. सुरुंग पेरणाऱ्यांचे आम्ही समर्थन करीत नाही. रस्त्यात पुरलेला सुरुंग जवान आणि बाजाराला निघालेली बाई यांत फरक करीत नाही. बाबासाहेबांनी 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूच्या भाषणात हिंसेचा मार्ग नाकारून बुद्धाचा मार्ग सांगितला, आणि आमची भूमिका तीच आहे. परंतु याच न्यायाने सरकारलाही विचारावे लागेल. सुरुंगबंदीचा आंतरराष्ट्रीय करार 1997 मध्ये झाला, 1 मार्च 1999 पासून लागू झाला, दक्षिण आफ्रिकेनेही त्यावर सही केली. भारताने आजवर केलेली नाही. बुद्धाच्या भूमीचा गौरव परदेशात जाऊन करणाऱ्यांनी त्या कराराकडेही एकदा पाहावे.

आता गडचिरोलीत परिस्थिती बदलली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती 60 साथीदारांसह तिथेच शरण आला. नक्षलवाद संपविल्याचे श्रेय घेण्यासाठी सत्ताधाऱ्यांत चढाओढ लागली आहे. हिंसा थांबत असेल तर आनंदच आहे. पण हिंसा थांबल्यावर त्या गाड्या, ते तळ, ती ठाणी कुठे जाणार? एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे. तोडगट्टा येथे खाणींविरुद्ध महिनोन्‌महिने धरणे धरून बसलेल्या आदिवासींना नोव्हेंबर 2023 मध्ये पोलिसांनी उठविले. आफ्रिकेत सरहद्दीवरची गाडी टाउनशिपमध्ये आली, अमेरिकेत इराकची गाडी शाळेत आली. नक्षलवाद्यांसाठी घेतलेली गाडी उद्या ग्रामसभेच्या ठरावासमोर उभी राहणार नाही, याची हमी कुणी दिली आहे? मणिपूरमध्ये 2023 च्या ऑगस्टमध्ये तर एका सरकारी दलाने कास्पिर रस्त्यात आडवी लावून आपली वाट अडविल्याची तक्रार राज्याच्या पोलिसांनीच नोंदविली होती. गाडी एकदा दारी आली की तिला काम शोधले जाते. महाराष्ट्रात तर 2025 च्या जुलैमध्ये जनसुरक्षा विधेयक मंजूर करून शहरातल्या माणसालाही नक्षलवादी ठरविण्याची सोय करून ठेवलेली आहे.

म्हणून विधिमंडळात राखीव जागांवर निवडून गेलेल्या आमदारांना आमचे काही सांगणे आहे. गडचिरोलीत आणि राज्यात इतरत्र किती सुरुंगरोधक गाड्या आहेत, त्यांतल्या किती चालू स्थितीत आहेत आणि गेल्या पाच वर्षांत त्या कोणत्या कामासाठी बाहेर काढल्या, याचा हिशेब त्यांनी सभागृहाच्या पटलावर मागावा. मोर्चा, धरणे, ग्रामसभा, जमीन मोजणी या ठिकाणी अशी गाडी नेण्यास लेखी मनाई असावी. सुरुंगाचा धोका असलेल्या रस्त्यावर जवानांना भाड्याच्या गाडीत पाठविणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव चौकशी अहवालात यावे, आणि तो अहवाल जनतेला वाचायला मिळावा. आणि जो खाजगी चालक दिवसाच्या भाड्यासाठी गाडी काढतो, ज्याला पोलिसांना नाही म्हणता येत नाही, ज्याच्याकडे ना गणवेश ना निवृत्तिवेतन, त्याच्या घरच्यांना जवानाच्या घरच्यांइतकेच मिळेल असा शासन निर्णय काढावा. तो काढायला कोणत्याही परदेशी तंत्रज्ञानाची गरज नाही.